घरघंटीचे पैसे आणि ह्यांचं नाव

माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथी झाली आणि शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने देते. वेलांटी पहिली की दुसरी हे ठरत नसलं, तर मध्येच कुठेतरी देऊन मोकळी होते. सराफाने फुकट दिलेल्या कॅलेंडरची पानं मागून कोरी असतात, त्यांच्यावर लिहिते आहे. शेजारची सून म्हणाली, "मावशी, फोनमध्ये लिहा की. चुका तोच दुरुस्त करतो." मी नको म्हटलं. कागदावर काही लिहिलं तरी तो गप्प राहतो. फोनला एकदा सांगितलं की तो कुणाकुणाला सांगून येतो, हे मला साडेबारा हजार रुपये मोजून कळलेलं आहे.

यात कुणाचंही नाव लिहिणार नाही. एक तर मला कुणाचं नाव घ्यायला संकोच वाटतो. दुसरं म्हणजे सगळी भानगड नावावरूनच झाली.

ह्यांनी सारा जन्म टॉवेलाच्या कारखान्यात काढला. यंत्रमाग बंद पडला की तो परत चालू करून देणाऱ्या माणसाला आमच्याकडे जॉबर म्हणतात. हे जॉबर आहेत. गल्लीतले लहानथोर सगळे ह्यांना जॉबर मामाच म्हणतात. मागांची खटखट ऐकून ऐकून ह्यांचे कान गेलेत. समोर उभं राहून ओरडलं तर ऐकू येतं, फोनवरचं तर अजिबात नाही. म्हणून फोन ह्यांच्या नावावर असला तरी तो घरी माझ्याजवळ असतो. हे सकाळी आठला कारखान्यात जातात, रात्री आठला परत येतात, आणि आल्यावर "कुणाचा फोन?" असं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू विचारतात.

आता नावाचं सांगते. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. माझा तेव्हाही पुरता विश्वास बसला नव्हता. पण नवरा एकच असल्यावर प्रयोग कुणावर करणार? रेशनच्या दुकानात मी कार्डावर बोट ठेवते. दवाखान्यात केसपेपर लिहिणारी बाई विचारते तेव्हा "हे आत बसलेत, त्यांनाच विचारा" म्हणते. हळदीकुंकवाला किंवा लग्नाकार्यात उखाण्यात घेते, तेवढी सूट आहे. सासऱ्यांचं नाव तर उखाण्यातही घ्यायचं नाही. तर अशी मी. आणि माझ्यावर नाव सांगायची वेळ आली ती एका मशीनपायी.

मी घरी कडक भाकऱ्या करून देते. ज्वारीची पातळ भाकरी पापडासारखी कडक केली की महिनाभर टिकते. अक्कलकोटला मठाजवळ एक दुकानदार आहे, तो माझ्याकडून शेंगाचटणी आणि भाकऱ्या घेतो. त्याची एक तक्रार होती, "मावशी, अलीकडं भाकरी मऊ पडायली." दोष माझा नव्हता. आमच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला आधी कुणाचे तरी गहू दळतो आणि त्याच जात्यात माझी ज्वारी ओततो. चार मूठ गव्हाचं पीठ मिसळलं की भाकरी कडक होत नाही. त्याला नुसतं "आधी जातं मोकळं करा" म्हणायचं होतं. शहाण्या बाईने तेवढं म्हटलं असतं. मी लाजरी. मी म्हटलं नाही. त्यापेक्षा घरात स्वतःची घरघंटी घ्यायचं ठरवलं. माणसाशी एक वाक्य बोलायला नको म्हणून साडेबारा हजारांची मशीन घेणारी बाई सोलापुरात मी एकटीच असेन.

पैसे भिशीचे. आमच्या गल्लीत शेजारच्या आक्का भिशी चालवतात. चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिल्याच फेरीला माझं नाव निघालं. म्हणजे पैसे आधी हातात, आणि हप्ते पुढे वर्षभर, दर रविवारी, आक्कांच्या ओट्यावर.

हे म्हणाले, "सात रस्त्याला जा. दुकानातून घे. बिघडली तर दुकानदाराची गचांडी धरता येते. त्या ऑनलाइनची गचांडी कुठं असते?"

मी गेलेसुद्धा. सात रस्त्याच्या दुकानात काचेमागे पाच-सहा घरघंट्या ओळीने नवऱ्या मुलींसारख्या उभ्या होत्या. दुकानदार म्हणाला, "बोला ताई." मी म्हटलं, "काही नाही," आणि परत आले. ऑनलाइनचं मला तेच आवडलं होतं. तिथे कुणी "बोला" म्हणत नाही. पुढे त्याच ऑनलाइनपायी मी जन्मभरात बोलले नाही इतकं बोलले, ते वेगळं.

फोनबद्दल आमच्या ओट्यावर ज्याचं त्याचं मत आहे. हे म्हणतात, फोन वाजला तर घ्यायचा, पण वर जे काही आपोआप येतं ते उघडायचं नाही. उघडलं की पैसे कटतात. आक्कांचं मत याहून पक्कं. फोनमधून आपल्याला कुणीतरी बघतं असं त्यांनी ऐकलं, म्हणून त्यांनी आपल्या फोनच्या मागच्या भिंगावर टिकली चिकटवली. पुढे कळलं की त्यांच्या बटणाच्या फोनला कॅमेराच नाही, टिकली टॉर्चवर लागली होती. लाइट गेली की त्यांच्या भिंतीवर लाल उजेड पडायचा आणि त्या म्हणायच्या, "बघा, कंपनीला राग आलाय."

आक्कांची सून नवीन. बार्शीकडच्या खेड्यातली, बी. कॉम. झालेली, फोनमधलं सगळं येणारी. आपल्या नवऱ्याला ती सरळ नावाने हाक मारते, वर "अरे" म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आक्कांच्या हातातला तांब्या पडला होता. या सुनेचं मत असं, की एवढं घाबरण्यासारखं काही नाही.

"आक्का, आपल्याकडं लपवण्यासारखं हाय काय?"

आक्का म्हणाल्या, "मग न्हाणीला दार कशाला लावतीस गं?"

सून हसली. मला वाटतं या विषयावर याच्यापेक्षा शहाणं कुणी बोललेलं नसेल.

एक मात्र खरं. ओट्यावर दोन दिवस घरघंटीचं बोलणं झालं आणि माझ्या फोनवर घरघंट्यांचे फोटो यायला लागले. मी ह्यांना ओरडून सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं. घरात कुणाला तरी नीट ऐकू येतंय."

शेवटी सुनेनेच माझ्या फोनवर ते खरेदीचं ॲप घातलं. घालताना ते एकेक विचारत होतं आणि ती बोट मारत होती. "तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर बघू का? बघ. तुम्ही कुठं आहात ते बघू का? बघ. फोटो बघू का? बघ."

आक्का शेजारी शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "तुला बघायला आलो तेव्हा आमी पण एवढं इचारलं न्हवतं."

"तुमी नुसती उंची विचारली होती, आक्का."

"आन् ती पण खोटी सांगितली तुझ्या बापानं."

मग ॲपने नाव विचारलं. सून म्हणाली, "मावशी, फोन मामांच्या नावावर आहे ना? मग मामांचंच टाकते. नाव सांगा."

मी पदर दातात धरला. "तुला म्हाईत हाय की," म्हटलं.

"हो हो," म्हणाली आणि टाकलं. आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, ते बघून टाकलं. मला हायसं वाटलं. नाव घ्यावं लागलं नाही आणि काम झालं. खरं तर तेव्हाच ते बिघडलं होतं.

घरघंटी चार दिवसांनी आली. गाडीवाला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, "जॉबर कोण हाय हितं? जॉबर!" मला वाटलं, कोपऱ्यावर विचारून आला असेल, तिथे सगळे ह्यांना तेच म्हणतात. फक्त मामा वगैरे काही नाही, एकदम एकेरी, याचं जरा वाईट वाटलं. मी भिशीचे पैसे मोजून त्याच्या हातात दिले. आधी पैसे भरून ठेवायला ह्यांचा विरोध होता. वस्तू दारात, तेव्हा पैसे हातात, एवढी गचांडी आम्ही धरली होती.

जाताना गाडीवाला म्हणाला, "मावशी, तेवढे पाच तारे द्या की. कमी दिले तर आमचे पैसे कापतात." उन्हातून आला होता बिचारा. पाणी दिलं आणि पाच तारेही दिले. खोकं अजून उघडलेलं नव्हतं, ते रात्री हे आल्यावर उघडायचं होतं.

उघडलं. मशीन दिसायला फार सुंदर, आमच्या देवघरापेक्षा झकपक. ज्वारी ओतली, बटण दाबलं. आवाज असा केला की हे जागेवरून उठले. ह्यांना ऐकू आलं म्हणजे बघा. मग जळका वास आला आणि खाली पीठ पडायच्या ऐवजी ज्वारी जशीच्या तशी पडली, फक्त गरम होऊन. लाह्या करायला चांगली होती.

हे लगेच पाना-पक्कड घेऊन बसले. पण मागच्या स्क्रूवर एक कागद चिकटवलेला. सुनेने वाचून दाखवला: हा कागद फाटला तर कंपनी जबाबदार नाही. ह्यांनी जन्मभर माग खोलले आणि जोडले, आणि चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्यापुढे हात जोडून बसले. दोन दिवस मी पाना तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता.

परत न्यायची विनंती सुनेने फोनवरून केली. तिचं उत्तर आलं: आपण आम्हाला पाच तारे दिलेत, आपण समाधानी आहात याचा आनंद आहे. मग सुनेने फोटो पाठवले, गरम ज्वारीचेही पाठवले. आठवड्याने एक माणूस येऊन मशीन घेऊन गेला. घेऊन जायला त्यांना नाव-गाव काही लागलं नाही. पैसे परत द्यायचे म्हटल्यावर मात्र सगळं लागायला लागलं.

पैसे मी हातात दिले होते, म्हणून ते आता बँकेच्या खात्यात येणार. ह्यांच्या पासबुकावरचा नंबर मी एकेक आकडा वाचून दाखवला, तो सुनेने भरला, तर लाल अक्षरात आलं: माहिती जुळत नाही, ग्राहक सेवेशी बोला. नोंदवलेल्या फोनवरूनच बोलायचं, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. त्या वेळेत हे कारखान्यात. एकदा फोन घेऊन गेले. पलीकडची बाई काय म्हणते ते ह्यांना ऐकू येईना, आणि मागांच्या खटखटीत हे काय म्हणतात ते तिला. दोघंही थोडा वेळ एकमेकांवर ओरडले आणि तिने "आपला दिवस शुभ जावो" म्हणून फोन ठेवला. हे घरी येऊन म्हणाले, "बाई चांगली होती. पण गचांडी काही सापडली न्हाई."

सुट्टीच्या दिवशी कंपनीलाही सुट्टी.

सुनेने एकदा बोलून बघितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही खातेदाराच्या कोण? ही म्हणाली शेजारी. सुरक्षेच्या कारणास्तव बोलता येणार नाही म्हणाले. सून म्हणाली, "मावशी, मी सांगते की मी बायको आहे. त्यांना काय कळतंय?"

आक्का आतून कडाडल्या, "दुसऱ्याच्या नवऱ्याची बायको म्हनून बोलतीस? तेबी रेकॉर्डवर?"

म्हणजे राहिले मी.

इकडे दर रविवारी आक्कांच्या ओट्यावर हप्ता द्यायचा होता. घरात नसलेल्या घरघंटीचा हप्ता. बायका विचारायच्या, "कशी चालते मशीन?" मी म्हणायचे, "आवाज नाही करत अजिबात." कोपऱ्यावरचा गिरणीवाला गव्हातच ज्वारी दळत होता. अक्कलकोटच्या दुकानदाराने निम्मा माल कमी केला. त्यात ती रक्कम अशी, की ती बुडाली असती तर मी परत कधी भिशीत चिठ्ठी टाकली नसती आणि ह्यांनी कधी बोलूनही दाखवलं नसतं. ते न बोलणंच मला नको होतं.

एका दुपारी दार लावलं, देवापुढे उभी राहिले, आणि फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. दाबलं. हा कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे. होऊ दे. मग गाणं लागलं, ते इतका वेळ चाललं की मला पाठ झालं. मग एक मुलगी आली. आवाज गोड.

"मॅडम, मी आपली काय मदत करू शकते?"

मी सगळं सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. ती म्हणाली, "नक्की मॅडम. पडताळणीसाठी खातेदाराचं पूर्ण नाव सांगा."

"तुमच्यापुढे लिहिलेलं असेल ना?"

"हो मॅडम, माझ्यासमोर आहे. पण तुम्ही सांगायचं आहे."

"तुम्हीच वाचा, मी हो म्हणते."

"सुरक्षेच्या कारणास्तव मी वाचू शकत नाही, मॅडम."

बघा आता. ज्या ॲपने माझे सगळे नंबर, फोटो आणि मी कुठे बसते-उठते ते बघितलं, ते माझ्याच नवऱ्याचं नाव माझ्यापासून लपवून ठेवत होतं. मी जे लपवते तेच तेही लपवतं, या एका गोष्टीत आमचं जमलं होतं.

"बाई, आम्ही नवऱ्याचं नाव घेत नाही," मी म्हटलं.

"मग कसं करायचं, मॅडम?"

"उखाण्यात घेतलं तर चालेल का?"

"चालेल, मॅडम."

मी डोक्यावर पदर घेतला. फोनवर दिसत नाही हे माहीत होतं, तरी घेतला. आणि म्हटलं:

"कडक भाकरीला लागतं ज्वारीचं पीठ,
अमुकरावांचं नाव घेते, ऐकून घ्या नीट."

अमुकच्या जागी खरं नाव घेतलं. इथे लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे.

पलीकडे खुसखुस झाली. ती मुलगी म्हणाली, "छान आहे हो, मॅडम. आता मधलं नाव."

मधलं नाव म्हणजे सासऱ्यांचं. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता, त्याकडे पाठ केली. याचा उखाणा कुणी केलेलाच नाही. मला उभ्या उभ्या करावा लागला:

"सासऱ्यांचं नाव घ्यायची नाही आमच्यात रीत,
अमुक हे नाव लिहा तुमच्या चौकटीत."

आता तिकडे एकटी मुलगी नव्हती, दोघी-तिघी हसत होत्या. "मॅडम, पुन्हा एकदा म्हणाल का?" मला वाटलं पडताळणीसाठी लागतं. मी पुन्हा म्हटलं. मग आडनाव सांगितलं, ते सोपं, ते माझंही आहे. चट्चट् बटणांचा आवाज आला. आणि मग ती मुलगी तोच गोड आवाज लावून म्हणाली,

"सॉरी मॅडम. नाव जुळत नाही."

"कसं जुळत नाही? मी बायको आहे!"

"आडनाव जुळतं मॅडम. बाकीचं जुळत नाही. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

मी खाली बसले. इतकी वर्षं जपलेलं नाव एका दुपारी घेतलं, दोनदा घेतलं, सासऱ्यांचंही घेतलं, आणि कंपनी म्हणते हा तुझा नवराच नव्हे.

त्या संध्याकाळी हे घरात शिरताना शिंकले. तेलाचं बोट कपाळाला लावलं, आल्याचा चहा दिला, मीठ-मोहरी उतरून टाकली. हे म्हणाले, "आज काय दिवाळी?" मी सांगितलं नाही. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी हे ठणठणीत होते. शिंक कारखान्यातल्या तंतूंची होती. तरी आठवडाभर मी ह्यांच्या ताटात एक भाकरी जास्त वाढत होते.

सुनेला एवढंच सांगितलं, की नाव सांगितलं तरी जुळत नाही म्हणतात. ती म्हणाली, "असं कसं? मी बरोबर टाकलंय, मावशी." नाव काय टाकलंस ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती म्हणाली असती आणि मला "हो" म्हणावं लागलं असतं. तिने मला विचारलं नाही, कारण तिला ते माहीत होतं. दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो आणि पैसे तिकडे होते.

पंधरवडा असाच गेला. एकदा भाकऱ्या थापत असताना फोनवर टिंग झालं. ह्यांच्या नियमाप्रमाणे मी बघत नाही. बाजूला सारायला गेले तर पिठाचा अंगठा लागून उघडलं. एरवी ते अंगठ्याने उघडायचं कुलूप माझ्यासाठी कधी उघडत नाही. भाकऱ्या थापून थापून रेषाच राहिल्या नाहीत, असं बँकेतल्या साहेबानेही सांगितलंय. पण जाहिरात लगेच उघडली. सुनेने भाषा मराठी लावून ठेवलेली, त्यामुळे वाचता आलं. सुरुवातीचं नाव तेवढं मोठ्या अक्षरात होतं:

जॉबर, आम्ही तुम्हाला विसरलो नाही! खास तुमच्यासाठी: घरघंटी, मोठ्या सवलतीत.

मी ते तीनदा वाचलं. मग पिठाच्या हातांनीच आक्कांच्या दारात गेले.

"अगं, तू ह्यांचं नाव काय टाकलंस?"

"जॉबर," सून म्हणाली. "का?"

"जॉबर हे नाव आहे होय?"

"म्हणजे? मामांचं नाव जॉबर नाही?"

आक्का हसता हसता उंबऱ्यावर बसल्या. "आगं येडे, जॉबर म्हंजे माग दुरुस्त करनारा! तुज्या बापाला कुनी कंडक्टर म्हनलं तर त्याचं नाव कंडक्टर व्हतंय व्हय?"

"मला काय माहीत!" सून लाल झाली. "आमच्याकडं धान्याचा बाजार, मागबिग नाहीत. मला वाटलं असेल एखादं जुनं नाव. गल्लीत कुणी दुसरं काही म्हणतच नाही. मावशींना विचारलं तर मावशी पदर चावतात!"

ते खरंच होतं. आणि गाडीवाला गल्लीत "जॉबर" म्हणून ओरडला तेव्हा तो कंपनीचा कागद वाचत होता, हेही मला तेव्हा कळलं. गंमत अशी, की सुरक्षेच्या कारणास्तव जे मला सांगता येत नव्हतं, ते जाहिरातीच्या कारणास्तव ते रोज सकाळ-संध्याकाळ सांगत होते. मी उघडत नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी परत फोन लावला. तीन दाबलं. गाणं ऐकलं. वेगळी मुलगी आली.

"खातेदाराचं नाव, मॅडम?"

"जॉबर," मी म्हटलं आणि आडनाव जोडलं. देवापुढे गेले नाही, पदर घेतला नाही.

"धन्यवाद मॅडम, पडताळणी पूर्ण झाली."

खरं नाव खोटं ठरलं होतं आणि हे खरं. कंपनीला तो नवरा चालत असेल तर मला काय करायचंय?

"पैसे आम्ही पॉइंटच्या रूपात देऊ शकतो, मॅडम. त्यातून आपण आमच्याकडचंच काहीही घेऊ शकता. एक खूप छान घरघंटी आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्याने "नको" म्हटलं. गिरणीवाल्याला म्हणायचं राहिलेलं, सात रस्त्याच्या दुकानदाराला म्हणायचं राहिलेलं, सगळं त्या एका शब्दात गेलं असावं, कारण ती मुलगी लगेच म्हणाली, "ठीक आहे, मॅडम. पडताळणी झाली आहे, तर बँकेचं खातं घरातल्या कुणाचंही चालेल. कुणाचं लिहू?"

"माझं," मी म्हटलं. बचत गटासाठी उघडलेलं होतं एक.

"आपलं नाव?"

ते मी सरळ सांगितलं. त्याला उखाणा लागत नाही. पण इतक्या दिवसांत ते कुणी विचारलंही नव्हतं.

चार दिवसांनी पैसे आले, पण सगळे नाहीत. मशीन परत नेल्याचं भाडं म्हणून आठशे रुपये कापले होते. हे म्हणाले, "जाऊ दे. आले ते आपले." मी जाऊ दिलं नाही. परत फोन लावला. आता मला गाणं पाठ होतं, मुलीही ओळखीच्या वाटायला लागल्या होत्या. म्हटलं, "बाई, बिघडलेली मशीन तुम्ही पाठवलीत. आणायचं भाडं मी मागितलं नव्हतं, न्यायचं मी का देऊ?" ती म्हणाली वरिष्ठांना विचारते. म्हटलं, विचारा, मी थांबते. गाणं लागलं. मी फोन कानाशी धरून वीस-एक भाकऱ्या थापल्या. ती परत आली आणि म्हणाली, "मॅडम, आपली तक्रार मान्य झाली आहे."

तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. आठवड्याने बँकेत जाऊन पासबुक छापून घेतलं. आठशेची ओळ निराळी आली होती. वाटेत गिरणीवर थांबले. गिरणीवाला म्हणाला, "काय मावशी?" म्हटलं, "उद्या ज्वारी आणते. आधी जातं मोकळं करायचं." तो म्हणाला, "एवढंच व्हय? आधी सांगायचं की." मला त्याची गचांडी धरावीशी वाटली.

रात्री हे आले. हातपाय धुऊन ताटावर बसले. मी पासबुक पुढे धरलं. चष्मा सापडेना.

"अहो, पैसे आले!" मी ओरडले.

"कोण आलं?"

"पैसे! घरघंटीचे!"

"किती?"

आक्कांच्या घरातलं बोलणं थांबलं. समोरच्या खिडकीत कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. एरवी मी लाजले असते.

"सगळे!"